बेटांच्या सहली नेणाऱ्या आयोजकांना खुले पत्र: आजारी पडलं तर कुठे जायचं, तेही छापा

उष्ण कटिबंधातल्या बेटांवर सहली नेणाऱ्या सर्व आयोजकांना आणि सहलप्रमुखांना,

स. न. वि. वि.

मी फॅमिली डॉक्टर आहे. सहलीला निघण्याआधी रक्तदाबाची, साखरेची औषधं लिहून घ्यायला येणारे आणि सहलीहून ताप घेऊन परतणारे, असे दोन्ही प्रकारचे लोक माझ्यासमोर बसतात. बऱ्याच जणांच्या हातात तुमची कार्यक्रमपत्रिका असते. विमानाची वेळ, हॉटेलचं नाव, खोलीतून समुद्र दिसणार की नाही, कुठल्या दिवशी कुठल्या किनाऱ्यावरून सूर्यास्त बघायचा, सगळं त्यात असतं. छातीत दुखायला लागलं तर माणसाला कुठे न्यायचं, हे मात्र मला अजून एकाही पत्रिकेत सापडलेलं नाही. त्या राहून गेलेल्या पानासाठी हे पत्र लिहिते आहे.

मुख्य भूमीवर कुणी आजारी पडलं की आपण गाडी काढतो. बेटावर गाडी धक्क्यापर्यंतच जाते. तिथून पुढे बोट लागते, आणि बोट सुटायची की नाही हे वारा, लाटा आणि अंधार ठरवतात. मालदीवचंच बघा. तिथल्या लांबच्या रिसॉर्टवर पर्यटक सी-प्लेननं पोचतात आणि ही विमानं फक्त दिवसाउजेडी उडतात. रात्री दहा वाजता एखाद्याला हृदयविकाराचा झटका आला, तर हाताशी उरते ती स्पीडबोट, तीही समुद्र शांत असला तर. रिसॉर्टवर नर्स असेल, कदाचित डॉक्टर असेल, ऑक्सिजनचा सिलिंडर असेल. पण मोठी रुग्णालयं राजधानी मालेच्या परिसरात आहेत. हृदयाची बंद झालेली रक्तवाहिनी जितकी लवकर उघडेल तितका स्नायू वाचतो, त्यामुळे पहाट होण्याची वाट बघण्यात गेलेले तास रुग्णाला फार महाग पडतात.

यावर बेट बदला असं मी म्हणणार नाही. लोकांनी तो निळा समुद्र बघावा, डोळे भरून बघावा. माझं म्हणणं एवढंच की मुक्कामाच्या प्रत्येक ठिकाणासाठी काही गोष्टी आधी फोन करून विचारा आणि छापा. सगळ्यात जवळचं आरोग्य केंद्र कुठलं आणि ते किती वाजता बंद होतं. शस्त्रक्रिया आणि अतिदक्षता विभाग असलेलं रुग्णालय कुठल्या बेटावर आहे. तिथे दिवसा कसं जायचं आणि रात्री कसं जायचं. हे दोन प्रश्न वेगळे आहेत, त्यांची उत्तरंही वेगळी येतील. आणि रुग्णवाहिकेचा क्रमांक: श्रीलंकेत 1990, थायलंडमध्ये 1669, मॉरिशसमध्ये 114. ज्याच्या त्याच्या फोनमध्ये हा क्रमांक विमानातून उतरण्याआधी गेलेला असावा. घाबरलेल्या माणसाला अनोळखी देशात, अर्धवट नेटवर्कवर असा क्रमांक शोधता येत नाही.

रुग्णालय "आहे" एवढ्या उत्तरावर समाधान मानू नका, हेही सांगते. छोट्या बेटावरच्या केंद्रात टाके घालता येतात, सलाईन लावता येतं, ताप बघता येतो. रक्तपेढी, सीटी स्कॅन, डायलिसिस हे सगळं बहुधा समुद्रापलीकडे असतं. तिथे काय होतं आणि काय होत नाही, हे स्थानिक एजंटाला थेट विचारा. त्याला माहीत नसेल तर त्यानं त्या केंद्रात जाऊन विचारावं. तुमच्यासाठी तो हॉटेलच्या खोल्या बघून येतोच ना?

आता नोंदणीच्या वेळेबद्दल. तुमच्या अर्जात आजारांसाठी एक ओळ असते आणि बहुतेक जण तिथे "काही नाही" लिहितात. मला ठाऊक आहे, कारण तीच माणसं माझ्याकडे तीन-तीन गोळ्या घेत असतात. खरं लिहिलं तर सहलीला घेणार नाहीत, ही धास्ती त्यामागे असते. ही धास्ती तुम्हीच घालवू शकता. अर्जावरच लिहा की ही माहिती नकार देण्यासाठी विचारलेली नाही, तयारीसाठी विचारली आहे. आणि मग खरोखर तयारी करा. अँजिओप्लास्टी झालेल्या माणसाला रुग्णालयाजवळच्या बेटावर खोली द्या. दम्याच्या रुग्णाला इनहेलर हातातल्या बॅगेत ठेवायची आठवण करा. गुडघे दुखणाऱ्या आजींना ओल्या लाकडी धक्क्यावरून उड्या मारून बोटीत चढायचं आहे, हे आधीच सांगा. आजार लपवण्याचा आणखी एक तोटा आहे. आधीपासूनचा आजार दडवलेला निघाला तर विमा कंपनी दावा नाकारू शकते, आणि ते कळतं तेव्हा रुग्ण परक्या देशातल्या खाटेवर असतो.

विम्याबद्दल इथेच सांगून टाकते. सहलीच्या दरात "विमा समाविष्ट" हे दोन शब्द पुरेसे नाहीत. आजारी माणसाला एका बेटावरून दुसरीकडे हलवण्याचा खर्च त्यात आहे का? स्कूबा डायव्हिंग त्यात आहे का? भाड्याच्या स्कूटरवरून पडलं तर? बेटांवर स्कूटर सर्रास भाड्यानं मिळतात, आणि योग्य परवाना किंवा हेल्मेट नसताना झालेल्या अपघाताचे पैसे पुष्कळ पॉलिसी देत नाहीत. परदेशी गेलेल्या पर्यटकांचे जीव जंतूंपेक्षा रस्त्यावरच्या अपघातांत आणि पाण्यात बुडून जास्त जातात, तरी सहलीच्या आधीच्या बैठकीत चर्चा होते ती जुलाबाच्या गोळ्यांची. झांझिबारनं ऑक्टोबर 2024 पासून प्रत्येक परदेशी पर्यटकाला तिथलाच विमा सक्तीचा केला आहे. असा नियम असलेल्या ठिकाणी त्या विम्यात काय मिळतं हेही वाचून सांगा. विमा कंपनीचा चोवीस तास चालणारा फोन क्रमांक सहलप्रमुखाच्या खिशात असायला हवा आणि रुग्णालयात दाखल होतानाच तिथे फोन जायला हवा.

तुमच्या हातात असलेली आणि मला सगळ्यात जास्त खटकणारी गोष्ट म्हणजे दिवसांची मांडणी. एका कार्यक्रमात मी शेवटच्या दिवशी दुपारी स्कूबा आणि दुसऱ्या दिवशी भल्या सकाळी विमान, असं वाचलं. खोल पाण्यात दाबाखाली श्वास घेताना शरीरात जास्तीचा नायट्रोजन विरघळतो. तो हळूहळू बाहेर पडायला वेळ लागतो. विमानाच्या केबिनमधला दाब साधारण 1,800 ते 2,400 मीटर उंचीवरच्या हवेइतका असतो. नायट्रोजन शिल्लक असताना त्या कमी दाबात गेलं की त्याचे बुडबुडे होतात. सांधे दुखतात, अंगाला मुंग्या येतात, क्वचित पाय लुळे पडतात. डायव्हिंगच्या आरोग्याचं काम करणाऱ्या डायव्हर्स अलर्ट नेटवर्कचा सल्ला असा की एकाच डाइव्हनंतर किमान 12 तास आणि अनेक डाइव्ह केल्या असतील तर किमान 18 तास विमानात बसू नये. जपून वागणारे पूर्ण दिवस थांबतात. म्हणजे स्कूबा सहलीच्या सुरुवातीला ठेवा आणि शेवटचा दिवस बाजारहाटाला ठेवा. तुम्हाला त्यासाठी एक दमडी जास्त लागत नाही. या आजारावर उपचार म्हणजे आधी शुद्ध ऑक्सिजन आणि मग दाबाची खोली, म्हणजे रीकम्प्रेशन चेंबर. ती खोली सगळ्यात जवळ कुठे आहे, हे ज्या डाइव्ह सेंटरला सांगता येत नाही त्याच्याशी करार करू नका.

पहिल्या दिवसाचंही तसंच आहे. रात्रभर प्रवास करून उतरलेल्या लोकांना तुम्ही दुपारच्या उन्हात किल्ला नाहीतर टेकडी चढायला लावता. दमट उष्णतेची शरीराला सवय व्हायला एक-दोन आठवडे लागतात. घाम येतो पण वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. मूत्र वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे ज्येष्ठ तर आणखी लवकर कोरडे पडतात. पहिले दोन दिवस अकरा ते चार सावलीत ठेवा. एखादा माणूस उन्हात असंबद्ध बोलायला लागला, अंग भट्टीसारखं तापलं, तर तो उष्माघात आहे. सावलीत न्या, कपडे सैल करा, भरपूर पाणी ओता, वारा घाला, आणि हे सगळं रुग्णवाहिका येईपर्यंत चालू ठेवा. शुद्ध हरपत असेल तर तोंडानं पाणी पाजू नका.

समुद्रात उतरण्याबद्दल. स्नॉर्केलिंगला सगळे पोरखेळ समजतात, कारण पाणी उथळ असतं आणि नळी तोंडात असते. हवाईमध्ये समुद्रात बुडून मरणाऱ्या पर्यटकांत स्नॉर्केलिंग करणारे सगळ्यात जास्त असतात, आणि त्यात मध्यमवयीन आणि वयस्क लोक पुष्कळ. तिथे अशा मृत्यूंचा अभ्यास झाला तेव्हा दिसलं की अनेक जण ना ओरडले, ना हातपाय झाडले. नळीतून जोर लावून श्वास ओढताना फुप्फुसात पाणी साचत असावं, असा त्या अभ्यासकांचा कयास आहे. म्हणून पाय टेकतील इतक्याच पाण्यात सुरुवात, प्रत्येकाबरोबर एक जोडीदार, आणि धाप लागली की लगेच उताणं होऊन नळी काढून टाकायची. हे पाच मिनिटांत शिकवता येतं. बोटीवरचा पोरगा मास्क हातात देतो आणि उडी मारा म्हणतो, तेव्हा तुमच्या सहलप्रमुखानं मध्ये पडायला हवं.

माझ्याकडे आलेल्या एका बाईंचा पाय अजून डोळ्यांसमोर आहे. किनाऱ्याजवळच्या दगडांत चालताना काहीतरी रुतलं. विषारी काट्याचा मासा होता. स्टोनफिश वाळूत आणि दगडांत असा मिसळून बसतो की बघूनही दिसत नाही. सोबतच्या वाटाड्यानं घोट्याच्या वर दोरी करकचून बांधली आणि पायावर बर्फ ठेवला. वेदना वाढतच गेल्या. तळव्याच्या बाजूला तीन टोचे होते, भोवतीची कातडी काळीनिळी आणि पोटरीवर दोरीचा वळ, तो त्या घरी परतल्यावरही दिसत होता. खरं तर या विषातली प्रथिनं उष्णतेनं निकामी होतात. पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात, साधारण 45 अंश सेल्सियसपर्यंत, अर्धा ते दीड तास बुडवून ठेवायचा. पाणी आधी दुसऱ्या, धड पायानं किंवा हातानं तपासायचं, कारण दुखऱ्या पायाला चटका कळत नाही आणि कातडी भाजते. दोरी नाही, बर्फ नाही, चिरा देणं नाही. मग दवाखाना, कारण काट्याचा तुकडा आत राहू शकतो आणि धनुर्वाताची लसही बघावी लागते. लायनफिश आणि पाकटाच्या काट्यालाही हेच लागू. किनाऱ्यावरच्या प्रत्येक हॉटेलात चहासाठी गरम पाणी असतंच. त्या बाईंना ते मिळालं नाही ते फक्त कुणाला माहीत नव्हतं म्हणून.

जेलीफिशचा प्रकार वेगळा. बॉक्स जेलीफिश ही अतिशय विषारी जात असलेल्या समुद्रात किनाऱ्यावर व्हिनेगरच्या बाटल्या ठेवलेल्या असतात. डंखावर निदान अर्धा मिनिट व्हिनेगर ओतायचं, चोळायचं नाही, वाळू लावायची नाही, गोडं पाणी टाकायचं नाही. डंख मोठ्या भागावर असेल किंवा श्वास अडकत असेल तर सगळं सोडून मदत बोलवायची. प्रवाळानं कापलेली जखम बघायला किरकोळ असते पण चिघळते. साबण आणि स्वच्छ पाण्यानं घासून धुवा, आतले कण निघेपर्यंत. पायात रबरी बूट असतील तर यातलं निम्मं टळेल. ते सामानाच्या यादीत लिहा.

आता डास. लोक रात्री मच्छरदाणीत झोपतात आणि दिवसभर उघड्या हातापायांनी फिरतात. डेंगी, चिकुनगुनिया आणि झिका पसरवणारा एडिस डास दिवसा चावतो, विशेषतः सकाळी आणि सूर्यास्ताच्या आधी, म्हणजे नेमका तुमचा गट किनाऱ्यावर असतो तेव्हा. बेटावर अशी साथ शिरली की पसरते कशी, हे हिंदी महासागरातल्या रीयुनियन बेटानं 2005-06 मध्ये पाहिलं; तिथल्या सुमारे एक तृतीयांश लोकसंख्येला चिकुनगुनिया झाला. म्हणून आधी सनस्क्रीन, त्यावर डास पळवणारं क्रीम, हा क्रम ठेवा, आणि क्रीममध्ये डीईईटी किंवा पिकारिडिन आहे ना ते बघा. मलेरियाचं प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे. मालदीव 2015 मध्ये आणि श्रीलंका 2016 मध्ये मलेरियामुक्त जाहीर झाले. पापुआ न्यू गिनी आणि सॉलोमन बेटांवर मात्र मलेरिया भरपूर आहे आणि तिथे जाणाऱ्यानं प्रतिबंधक गोळ्यांसाठी डॉक्टरकडे वेळेत जायला हवं. सगळ्या बेटांना एकच सूचनापत्र चालत नाही ते यामुळेच.

हनिमूनच्या सहली विकताना झिकाचा उल्लेख करा, संकोच नको. गरोदरपणात झिका झाला तर बाळाच्या मेंदूला इजा होऊ शकते, आणि तो शरीरसंबंधातूनही पसरतो. झिकाचा धोका असलेल्या ठिकाणाहून परतल्यावर बाईनं निदान दोन महिने आणि पुरुषानं तीन महिने गर्भधारणा टाळावी, असा सल्ला दिला जातो. नवीन लग्न झालेल्या जोडप्याला हे निघण्याआधी कळायला हवं.

बालीला जाणाऱ्या गटांसाठी आणखी एक. 2008 पर्यंत त्या बेटावर रेबीज नव्हता. तेव्हा शिरला तो अजून आहे. माकडांच्या वनात हातावर शेंगदाणे ठेवून फोटो काढायला तुमचेच लोक सांगतात. माकड चावलं किंवा नुसतं ओरबाडलं तरी जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून, आणि त्याच दिवशी लस सुरू करायची. खोल चाव्याला लसीसोबत इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, लागतं, आणि ते लहान बेटांवर सहज मिळत नाही. ज्यांनी आधीच प्रतिबंधक डोस घेतलेत त्यांना ते लागत नाही, फक्त दोन जादा डोस पुरतात.

धबधब्यात आणि नदीत डुंबायचा कार्यक्रम असेल तर लेप्टोचा, म्हणजे प्राण्यांच्या मूत्रानं दूषित झालेल्या पाण्यातून होणाऱ्या आजाराचा, विचार करा. 2000 साली बोर्निओ बेटावर, मलेशियाच्या साबा भागात झालेल्या साहसी शर्यतीत सेगामा नदीत उतरलेल्या अनेक धडधाकट खेळाडूंना लेप्टोस्पायरोसिस झाला. मोठा पाऊस पडून गेला असेल आणि अंगावर ओरखडे असतील तर त्या दिवशी नदी वगळा.

खाण्यापिण्याबद्दल सगळ्यांना बरंच ठाऊक असतं, म्हणून एकच गोष्ट सांगते. प्रवाळातल्या मोठ्या शिकारी माशांत, बराकुडा, मोरे ईल, मोठा ग्रूपर यांत, सिग्वाटेरा नावाचं विष असू शकतं. ते वासानं कळत नाही, शिजवून जात नाही, गोठवूनही जात नाही. जुलाब-उलट्यांनंतर ओठ बधिर होणं आणि थंड वस्तू हाताला चटका दिल्यासारखी लागणं, ही त्याची खूण. स्थानिक लोक एखादा मासा टाळत असतील तर तुमच्या गटानंही टाळावा. बाकी जुलाबाला ओआरएसची पाकिटं जवळ ठेवा, नसतील तर लिटरभर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि तसाच अर्धा चमचा मीठ.

औषधांबाबत: रोजची औषधं हातातल्या बॅगेत, मूळ वेष्टणात, चिठ्ठीसह, आणि चार दिवस जास्तीची, कारण वादळात बोटी बंद होतात. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव असू द्या, कंपनीनं दिलेलं नाव परदेशातल्या औषधवाल्याला कळत नाही. इन्सुलिन विमानाच्या पोटातल्या सामानात टाकू नका आणि किनाऱ्यावरच्या पिशवीतही नको. थंडीनं गोठतं, उन्हानं बिघडतं. ट्रामाडोल, कोडीन, झोपेच्या गोळ्या यांवर काही देशांत कडक निर्बंध आहेत. त्या त्या वकिलातीकडून नियम मागवून घेणं तुम्हाला सोपं आहे, एकट्यादुकट्या प्रवाशाला अवघड.

शेवटची विनंती परतल्यानंतरची आहे. विमानतळावर निरोप दिला की तुमच्या लेखी सहल संपते, पण डेंगीचा ताप डास चावल्यावर चार ते दहा दिवसांनी येतो, आणि मलेरिया काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनीही. तोवर माणूस कामावर रुजू झालेला असतो, ताप साधा समजतो, अंग दुखतं म्हणून आयबुप्रोफेन नाहीतर ॲस्पिरिन घेतो, आणि डेंगीत त्यानं रक्तस्राव वाढू शकतो. डॉक्टरकडे गेला तरी तो सहलीचं सांगत नाही, कारण त्याला त्याचा संबंध वाटत नाही. त्यामुळे परतल्याच्या आठवड्यानं गटातल्या सगळ्यांना एक संदेश पाठवा, आणि महिन्यानं पुन्हा पाठवा. मजकूर मी देते, हवा तसा वापरा:

"आपण नुकतेच बेटावरून परतला आहात. पुढच्या तीन महिन्यांत ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा आणि कुठल्या बेटावर, कुठल्या तारखांना होतात ते आपणहून सांगा. तोवर फक्त पॅरासिटामॉल घ्या. ताप उतरल्यावर पोटात जोराचं दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त किंवा अस्वस्थपणा जाणवला तर बरं वाटतंय असं समजू नका, लगेच रुग्णालयात जा. रात्र असली तरी."

आपली विश्वासू,
सहलीआधी आणि सहलीनंतर तुमच्या प्रवाशांना तपासणारी एक फॅमिली डॉक्टर